पाणी किती, डेव्हलपर किती

संशयी : घरी कृष्णधवल रोल धुणाऱ्या कुणालाही विचारा, डेव्हलपर तो पाणी घालूनच वापरत असतो. का, असं विचारलं की चार कारणं एका दमात येतात. पैसे वाचतात, चित्र जास्त रेखीव येतं, प्रखर उजेडाचे भाग आटोक्यात राहतात आणि निकाल दर वेळी सारखा मिळतो. मला ही कारणं एकेक करून तपासायची आहेत. पैशापासून सुरुवात करू, कारण तिथलं गणित सरळ आहे. इलफर्डचं आयडी-११ घ्या. त्याच्या एक लिटर मूळ द्रावणात, म्हणजे स्टॉकमध्ये, दहा रोल धुता येतात. प्रत्येक रोलनंतर वेळ दहा टक्क्यांनी वाढवत न्यायची, एवढंच. आता तेच १+१ करा, जितका स्टॉक तितकंच पाणी. पॅटर्सनच्या टँकला पस्तीस मिलिमीटरच्या एका रोलसाठी तीनशे मिलीच्या आसपास द्रावण लागतं. त्यात दीडशे मिली स्टॉक गेला आणि रोल झाल्यावर तो मोरीत ओतून दिला. लिटरमध्ये सहा रोल झाले, ओढूनताणून सात. यात काटकसर कुठे झाली?

हौशी : गणित मान्य. १+३ केलं तर एका रोलला पंचाहत्तर मिली स्टॉक लागतो आणि लिटरमध्ये तेरा रोल होतात, पण काटकसरीच्या मुद्द्यावर मी अडून बसणार नाही. पाणी घालण्याचं माझं पहिलं कारण म्हणजे भरवसा. कोडॅकच्या डी-७६चा स्टॉक गच्च भरलेल्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत सहा महिने टिकतो, अर्ध्या भरलेल्या बाटलीत दोन. घरी धुणारा माणूस महिन्याला एखादा रोल धुतो. तो स्टॉक पुन्हा पुन्हा वापरला, तर चौथ्या रोलच्या वेळी बाटलीत काय उरलंय हे त्याला नेमकं कसं कळणार? आधीच्या रोलमधून आलेलं ब्रोमाइड त्यात साचलेलं असतं, हवेने काही डेव्हलपर मेलेला असतो, आणि वाढवलेली वेळ हा शेवटी अंदाजच. पाणी घालून एकदा वापरलं आणि फेकून दिलं, की प्रत्येक रोलला ताजं, न वापरलेलं द्रावण मिळतं. शिवाय काही डेव्हलपर जन्मालाच येतात ते पाणी घालण्यासाठी. आग्फाच्या मोम आंद्रेझेनने १८९१मध्ये पेटंट घेतलेलं रोडिनाल आजही १+२५, १+५० असंच वापरतात. कोडॅकचं एचसी-११० तर पाकासारखं घट्ट असतं, ते नेहमीच्या वापराला १+३१ करतात. तिथे प्रश्न पाणी घालायचं की नाही हा नसून किती घालायचं हा आहे.

आणि एक कारण आपल्या हवेचं आहे. तक्त्यांमधल्या वेळा वीस अंश सेल्सिअसला धरलेल्या असतात. मे महिन्यात पुण्यात किंवा नागपुरात वीस अंशांचं पाणी नळाला कुठून येणार? रात्रभर माठात ठेवलेलं पाणी कोरड्या हवेत बरंच उतरतं, तरी सव्वीसच्या खाली येणं कठीण. इलफर्डचा हिशेब असा, की वीस अंशांना चार मिनिटं लागत असतील तर तेवीसला तीन पुरतात. या हिशेबाने एचपी५ प्लस ही फिल्म घ्या. आयडी-११च्या स्टॉकमध्ये तिची वेळ साडेसात मिनिटं आहे. सव्वीस अंशांना ती जेमतेम सव्वाचार मिनिटांवर येते. टँकमध्ये द्रावण ओतायला आणि काढायलाच दहा-पंधरा सेकंद जातात, त्यामुळे पाच मिनिटांच्या आतल्या डेव्हलपमेंटला आभाळासारखे सपाट भाग डागाळतात. तेच १+१ केलं तर वीस अंशांची वेळ तेरा मिनिटं, सव्वीसला सव्वासात. पाण्यामुळे मला टँक नीट हलवायला आणि वेळेवर रिकामा करायला सवड मिळते. घरी फिल्म धुण्याचा उद्योग आपल्याकडे 'राजा हरिश्चंद्र'इतका जुना आहे. १९१३च्या त्या चित्रपटासाठी सरस्वतीबाई फाळके दादरच्या घरात रसायनं कालवत होत्या, फिल्म धुत होत्या. आपल्या हवेत हे काम करणाऱ्याने आपल्या हवेचा विचार आधी करायला हवा.

संशयी : उन्हाळ्याचा मुद्दा मी मनापासून मान्य करतो, पण अर्धाच. तुम्ही द्रावण बर्फाच्या घमेल्यात वीस अंशांवर आणलंत आणि १+३ करून वीस मिनिटं धुवत बसलात, तर बत्तीस अंशांच्या खोलीत ते द्रावण वीस मिनिटं वीस अंशांवर राहणार नाही. लांब वेळ आणि गरम खोली यांचं जुळत नाही. मग एक तर माठाचंच तापमान धरून वेळ कमी करायची, नाहीतर टँक शेवटपर्यंत पाण्याच्या बादलीत ठेवायचा. हे न करता नुसतं पातळ करणाऱ्याचे रोल उन्हाळ्यात जास्त काळे आणि हिवाळ्यात फिके येतात, आणि दोष मात्र डेव्हलपरवर जातो.

माझी खरी हरकत पुढे आहे. 'मी १+३ वापरतो' असं कुणी म्हटलं की त्याने मला अर्धीच गोष्ट सांगितलेली असते. आमटीत पाणी घातलं की वाट्या वाढतात, डाळ तेवढीच राहते. द्रावण किती तीव्र आहे हा एक प्रश्न, आणि टँकमध्ये एकूण डेव्हलपर किती गेला हा दुसरा. छत्तीस फोटोंचा रोल घ्या, १२०चा रोल घ्या, नाहीतर आठ बाय दहा इंचांचा एक शीट घ्या, तिन्हींचं क्षेत्रफळ जवळपास सारखं, साधारण ऐंशी चौरस इंच. एवढ्या क्षेत्रफळावरच्या सिल्व्हर हॅलाइडची चांदी करायला डेव्हलपर ठरावीक प्रमाणात खर्च होणारच, मग तो किती पाण्यात आहे याच्याशी चांदीला देणंघेणं नाही. डी-७६ १+१ करून छत्तीसचा एक रोल २३७ मिलीच्या टँकमध्ये धुतला, तर वेळ सुमारे दहा टक्के वाढवा, असं कोडॅकनेच सांगून ठेवलंय. ४७३ मिलीच्या टँकमध्ये एकच रोल धुतला तर वाढवायची गरज नाही. म्हणजे एका रोलला ११८ मिली स्टॉक मिळाला की द्रावण दमायला लागतं, हे कंपनीला ठाऊक आहे. तुमच्या १+३मध्ये तर एका रोलच्या टँकला पंचाहत्तरच मिली मिळतो. एक्सटॉल या डेव्हलपरच्या बाबतीत प्रत्येक रोलला निदान शंभर मिली स्टॉक हवा असा दंडक आहे. तो पाळायचा तर १+३ला एका रोलसाठी चारशे मिली द्रावण लागेल, आणि एका रोलच्या टँकमध्ये ते मावणारच नाही.

हौशी : यावर उपाय सोपा आहे. दोन रिळांचा टँक घ्यायचा, फिल्म खालच्या रिळावर चढवायची, वरचं रीळ रिकामं ठेवायचं. मी असंच करतो.

संशयी : तुम्ही करता, पण सगळे करत नाहीत. आणि यातला सर्वांत वाईट भाग असा, की डेव्हलपर कमी पडला तर तो प्रत्येक रोलला वेगवेगळा कमी पडतो. रात्रीच्या रस्त्याचा रोल असेल तर फिल्मचा बराच भाग मोकळा राहतो, डेव्हलपर फारसा खर्च होत नाही, सगळं छान येतं. पुढचा रोल वसईकडच्या मिठागरांचा असेल, प्रत्येक फ्रेम पांढऱ्याने भरलेली, तर तेवढाच डेव्हलपर मध्येच संपतो आणि निगेटिव्ह मरगळलेलं निघतं. पहिल्या रोलवर विश्वास ठेवून माणूस दुसरा रोल घालवतो. पातळ केल्याने निकाल सारखा येतो हे तुमचं म्हणणं इथे उलटं पडतं. मापातली चूकही पातळ करताना मोठी होते. एचसी-११०चा पाक १+३१ करायचा तर तीनशे मिलीत नऊ मिलीच्या थोडा वर लागतो. तो मोजपात्राच्या काचेला चिकटून एक मिली जरी मागे राहिला, तरी दहाव्या हिश्शाने डेव्हलपर कमी झाला.

हौशी : म्हणून औषधाच्या दुकानातली बिनसुईची सिरिंज वापरायची, आणि पाक सोडल्यावर तीच सिरिंज टँकच्या पाण्यात दोन-तीनदा ओढून खळबळायची. मेटॉल हे रसायन असलेल्या डेव्हलपरला हात लावताना हातमोजे घालायचे, कारण त्याने कातडीला त्रास होतो. पाणीही बघायला हवं. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातले क्षार द्रावणात उतरतात, आणि पातळ करताना पाणीच जास्त असल्याने त्याचा गुणदोषही जास्त. डिस्टिल्ड वॉटर किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्यावं. हे सगळं मी तुमच्याइतक्याच काटेकोरपणे पाळतो. पण हे मापाचे दोष झाले, आणि माप सुधारता येतं. आता चित्रात काय होतं ते बोलू.

डी-७६ हे सूत्र १९२०च्या दशकात कोडॅकच्या जॉन कॅपस्टाफने सिनेमाच्या फिल्मसाठी बांधलं. लिटरला मेटॉल दोन ग्रॅम, हायड्रोक्विनोन पाच ग्रॅम, बोरॅक्स दोन ग्रॅम आणि सोडियम सल्फाइट तब्बल शंभर ग्रॅम. हवेपासून बचावाला एवढं सल्फाइट लागत नाही. ते इतकं असल्यामुळे हॅलाइडचे कण कडेने थोडे थोडे विरघळतात, विरघळलेली चांदी शेजारी पुन्हा बसते, आणि ग्रेन मऊ, बारीक दिसतो. सिनेमाच्या पडद्यावर तेच हवं होतं. १+१ केलं की सल्फाइट पन्नास ग्रॅमवर येतं, १+३ला पंचवीसवर. विरघळणं कमी होतं, कणाची कड शाबूत राहते. म्हणजे पाणी घालताना मी नुसता वेग कमी करत नाही, डेव्हलपरचा स्वभाव बदलतो. कोडॅकही सांगतं, की डी-७६ १+१ला रेखीवपणा वाढतो, ग्रेन थोडा जास्त दिसतो.

संशयी : पण तुम्ही वेळही वाढवता. आयडी-११चंच पाहा, १+३ला साडेसात मिनिटांची वीस होतात. पंचवीस ग्रॅम सल्फाइटला काम करायला जवळपास तिप्पट वेळ मिळाला. विरघळणं चौथ्या हिश्शावर आलं, असं सरळ म्हणता येत नाही. फरक पडतो हे मी नाकारत नाही, पण तो एवढा मोठा नाही. आणि ग्रेनची कड तीक्ष्ण दिसली म्हणजे चित्रातली बारकाई वाढली असं नव्हे. नजरेला तीक्ष्ण कण दिसले की चित्र रेखीव वाटतं. स्कॅनरवाले तर त्यावर आणखी शार्पनिंग चढवतात आणि डेव्हलपरचे गोडवे गातात.

आता प्रखर भाग आटोक्यात राहण्याबद्दल. त्यामागचं तत्त्व असं सांगतात, की जिथे उजेड जास्त पडला तिथे फिल्मच्या थरातला डेव्हलपर लवकर संपतो, तिथे ब्रोमाइड साचतं, काम मंदावतं. सावलीत मात्र डेव्हलपर हळूहळू काम करतच राहतो. ठीक. पण इलफर्डच्या पद्धतीप्रमाणे तुम्ही दर मिनिटाला टँक चार वेळा उलटा करता, आणि कोडॅकच्या पद्धतीप्रमाणे तर दर अर्ध्या मिनिटाला. प्रत्येक वेळी थकलेला डेव्हलपर थराजवळून धुतला जातो आणि ताजा येतो. थकायला तुम्ही वेळच देत नाही, तर प्रखर भाग आवरणार कोण? शिवाय इलफर्डच्या वेळा एकाच काँट्रास्टला बेतलेल्या असतात, सरासरी उतार ०.६२. स्टॉकची साडेसात मिनिटं आणि १+३ची वीस मिनिटं तुम्हाला एकाच ठिकाणी नेऊन पोचवण्यासाठीच तर काढली आहेत.

हौशी : इथे तुम्ही माझं काम सोपं केलंत. नेहमीसारखा टँक हलवत राहिलो तर पाणी घातल्याचा हा फायदा मिळत नाही, हे मला मान्य आहे. तो मिळवायचा तर हलवणं कमी करायलाच हवं. फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने 'द निगेटिव्ह' या पुस्तकात बराच पातळ केलेला एचसी-११० आणि कमी हलवणं यांची सांगड याचसाठी घातली आहे.

एक निगेटिव्ह डोळ्यांपुढे आणा. आषाढीची वारी, भर दुपारी ढग फाटलेले, दिवेघाटाच्या चढावर एक म्हातारा वारकरी. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरी बंडी, सावळा चेहरा टोपीच्या सावलीत. एक्सपोजर चेहऱ्यासाठी दिलेलं. नेहमीच्या डेव्हलपमेंटने चेहरा येतो, पण निगेटिव्हवर टोपी काळाकुट्ट गोळा होते, प्रिंटमध्ये नुसता कागद दिसतो. तेच १+३मध्ये, तीन-तीन मिनिटांनी एकदा हलवून धुतलं, तर लाइटबॉक्सवर लूप लावल्यावर टोपीची शिवण दिसते, बंडीची चुणी दिसते, आणि डोळ्याखालच्या सुरकुत्याही जात नाहीत. टोपी आणि आभाळ यांच्या सीमेवर एक सूक्ष्म रेघ उमटते. कमी काम झालेल्या बाजूचा ताजा डेव्हलपर जास्त काम झालेल्या बाजूला सरकतो, ब्रोमाइड उलट दिशेने जातं, आणि कड उठून दिसते. तुम्ही मघाशी म्हणालात की रेखीवपणा नजरेचा भास आहे. ही कड भास नाही, ती चांदीची आहे.

संशयी : टोपी वाचवायची तर स्टॉकमध्येच वेळ वीस टक्के कमी करा. तेवढ्यानेही टोपी वाचेल.

हौशी : आणि चेहरा? वेळ कमी केली की सावलीतली घनताही थोडी खाली येते, आणि मधले करडे टोन सगळेच एकमेकांना चिकटतात. सपाट चेहऱ्याला मग कडक ग्रेडचा कागद लावा, की टोपी पुन्हा गेली.

संशयी : हे बरोबर आहे. एक्सपोजर थोडं वाढवून सावली सांभाळता येते, मधल्या टोनचं मात्र तसं होत नाही. पण आता कमी हलवण्याची किंमत मोजा. तुमच्या या तर्काचं टोक म्हणजे रोडिनाल १+१०० करून तासभर टँक तसाच ठेवून देणं. पहिलं मिनिटभर हलवायचं, फार तर अर्ध्या तासाला एकदा, बस. फिल्म कुठलीही असो, वेळ तीच. या सोयीमुळे ही पद्धत आज घराघरात चालते. पण ब्रोमाइड जड असतं, ते फिल्मवरून खाली उतरतं आणि जाताना पट्टे ओढतं. फिल्मच्या कडेच्या भोकांपासून निघालेल्या फिकट रेघा आभाळात स्पष्ट दिसतात. शिवाय पाचशे मिलीच्या १+१००मध्ये रोडिनाल पाचच मिली. जुने लोक रोलला दहा मिली धरायचे. त्या पाच मिलीत टोपी आवरली गेली, की रोलभर डेव्हलपरच संपला आणि त्याबरोबर टोपीही थांबली? हे कसं ओळखणार?

मला वाटतं आपला सगळा वाद या एका जागेवर येऊन ठेपतो. टोपीजवळच्या थरात डेव्हलपर थकणं हा तुमचा गुण आहे, आणि सबंध टँक थकणं हा माझा दोष. बाहेरून दोन्हींचा निकाल सारखा दिसतो, प्रखर भाग फिके येतात. म्हणून निम्मे लोक दमलेल्या टँकला 'काय सुंदर टोन' म्हणतात.

हौशी : हे मला आजवर इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यावरून पाककृतीही ठरते. थर थकला पाहिजे, टँक थकता कामा नये. म्हणजे द्रावण पातळ, पण भरपूर. एका रोलला स्टॉक निदान शंभर-सव्वाशे मिली, टँक मोठा, हलवणं कमी, पण इतकंही कमी नाही की पट्टे ओढले जातील.

संशयी : मग काटकसर पूर्ण गेली, वेळ तिप्पट झाली, टँक मोठा लागला. डेव्हलपर स्टॉकच्या जवळपास तितकाच खर्च झाला. पाण्याने जे दिलं ते एवढ्या किमतीला परवडतं का, हे प्रिंटवरच ठरायला हवं. एकाच फिल्मवर तेच दृश्य, तिपाईवरून, तीच एक्सपोजर्स रोलच्या दोन्ही अर्ध्यांत घ्या. चेंजिंग बॅगमध्ये रोल मधोमध कापा. एक अर्धा स्टॉकमध्ये, दुसरा तुमच्या पाककृतीने. टँकमध्ये जाणारा स्टॉक दोन्हीकडे सारखा ठेवा. वेळ अशी जुळवा की मधल्या टोनचा काँट्रास्ट दोन्हींत एकच येईल. तो जुळला नाही तर उरलेला सगळा फरक काँट्रास्टचाच असतो, आणि बहुतेक तुलना इथेच फसतात. मग एकाच ग्रेडच्या कागदावर बारा बाय सोळा इंचांची प्रिंट काढा, हातभर अंतरावरून बघा.

हौशी : हातभर अंतराची अट मला मान्य नाही. मी प्रिंट जवळ घेऊन बघतो, माझ्या ओळखीचे सगळे फोटोग्राफर तसंच बघतात. टोपीची शिवण लांबून दिसली नाही म्हणून ती नसली तरी चालेल, हे मी मानणार नाही. शिवाय तुमची चाचणी तिपाईवरच्या स्थिर दृश्याची आहे. वारीत मला दुसरी फ्रेम मिळत नाही. तिथे मला जी खात्री हवी, ती प्रखर भागांसाठी राखून ठेवलेल्या जागेची. ती जागा दर रोलला उपयोगी पडली नाही तरी चालेल.

संशयी : आणि उरलेल्या रोलना, जिथे उजेड साधा होता, ढगाळ होता, तिथे तुमची ही पाककृती चित्र विनाकारण सपाट करते, हेही धरा. पावसाळ्यातल्या कोकणात आवरायला प्रखर भागच नसतात. तिथे मी स्टॉकच वापरेन, नाहीतर १+१ आणि नेहमीसारखं हलवणं.

हौशी : तिथे मीही. वारीच्या रोलबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. तुम्ही ती चाचणी घ्या, प्रिंट मी जवळून बघेन, तुम्ही लांबून बघा.

संशयी : घेऊ. तोवर घरी रोल धुणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. वहीत नुसतं '१+३, वीस मिनिटं' लिहू नका. टँकमध्ये प्रत्यक्ष किती मिली डेव्हलपर गेला, द्रावण एकूण किती होतं, सुरुवातीला आणि शेवटी तापमान किती होतं, आणि किती वेळाने हलवलं, हेही लिहा.